खुन्नस 'देतात' म्हणजे नेमकं काय करतात?

शुभांगी_म | रविवार, सकाळी १०:१२

मी ठाण्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात 'माझा शाळेचा रस्ता' या विषयावर निबंध लिहून घेतला. एका मुलाने लिहिलं होतं, "पुलाच्या खाली मोठी मुलं उभी असतात. त्यातला एक मला रोज खुन्नस देतो." मी सवयीने 'खुन्नस देतो' खाली लाल रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'वैरभावाने पाहतो'.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन टेबलाशी आला. "बाई, पण आमचं वैर नाहीये. मी त्याला ओळखतपण नाही. तो नुसता खुन्नस देतो."

मग मी 'रोखून पाहतो' सुचवलं. त्यावर म्हणाला, "रोखून तर तुम्हीपण बघता बाई, गृहपाठ नसला की."

मला खरंच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शब्दांची यादी केली. आकस, डूख, दुस्वास, द्वेष, मत्सर, वैर, दावा. एकही शब्द त्या वाक्यात बसत नाही. तर मला जाणकारांकडून हे हवं आहे: हा शब्द आला कुठून, याला मराठी म्हणायचं की नाही, आणि याचा नेमका अर्थ काय? त्या मुलाला सोमवारी काहीतरी सांगायचं आहे.

निवांत_नाना | सकाळी १०:३१

सोपं आहे ताई. खून अधिक नस. नसानसांत खून चढला की खुन्नस. आमच्या कॉलेजात हेच सांगायचे.

इंदूरचा_मराठी | सकाळी ११:०५

नाना, ऐकायला छान वाटतं, पण तसं नाही. मूळ शब्द 'खुनस' किंवा 'खुनिस', अर्थ राग, रुसवा, मनातली अढी. हिंदीत 'खुनसाना' असं क्रियापदही आहे. आणि हा काही आजकालचा टपोरी शब्द नाही. तुलसीदासांनी रामचरितमानस लिहायला घेतलं ते संवत १६३१ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७४. त्यातल्या अयोध्याकांडात चित्रकूटच्या सभेत भरत रामाबद्दल बोलतो:

मो पर कृपा सनेहु बिसेषी। खेलत खुनिस न कबहूँ देखी॥

माझ्यावर त्याचं विशेष प्रेम, खेळतानासुद्धा त्याच्या मनात कधी खुनिस पाहिली नाही. लहानपणी खेळताना भावाभावांत जी चिडाचिडी होते ना, तीही रामाने कधी केली नाही, असं भरत सांगतोय. आमच्या घरी आजोबा मराठीत बोलायचे आणि मानस अवधीत वाचायचे, त्यामुळे ही ओळ लहानपणापासून कानावर आहे. मी मुंबईत नोकरीला आलो आणि लोकलच्या दारात 'ए, खुन्नस देतो काय' ऐकलं, तेव्हा मला पहिल्यांदा भरतच आठवला.

आपल्या मराठीतलं 'खुनशी' हे विशेषणही त्याच घरातलं. 'खुनशी स्वभावाचा' म्हणतो तेव्हा आपल्याला खून करणारा असं म्हणायचं नसतं, मनात धरून ठेवणारा असं म्हणायचं असतं.

निवांत_नाना | सकाळी ११:०९

माघार घेतो. पस्तीस वर्षं चुकीचं सांगत आलो की हो.

शनिवार_पेठ | दुपारी १२:४०

शुभांगीताई, तुम्ही केलं ते योग्यच केलं. मुलांनी बोलताना काहीही म्हणावं, पण निबंधात रस्त्यावरची भाषा आली की शिक्षकाने लाल रेघ ओढलीच पाहिजे, नाहीतर शिक्षक कशाला हवा? मराठीत या भावनेसाठी शब्दांची ददात नाही. तुमच्या यादीत मी भर घालतो: दावा, अदावत, हाडवैर, खार, कज्जा, वैमनस्य, सूडबुद्धी. इतकी संपत्ती घरात असताना शेजाऱ्याकडून उसनं कशाला आणायचं?

अनुस्वार | दुपारी १:१५

शनिवार_पेठ, तुमची कळकळ समजते, माझीही तीच आहे. पण तुमच्या यादीतली निम्मी संपत्ती बाहेरून आलेली आहे. 'अदावत' अरबी. 'दावा' अरबी, मूळ अर्थ हक्क सांगणं. 'कज्जा' काजीच्या दरबारातून आला. 'खार खाणे' मधला खार म्हणजे फारसीत काटा. काटा गिळून बसल्यासारखा माणूस आतल्या आत सलत राहतो.

'दाव्या'चा प्रवास तर फारच बोलका आहे. हक्क सांगायचा म्हणजे भांडावं लागतं, भांडणाचं वैर होतं, म्हणून मराठीत 'दावा धरला', 'दावा साधला' म्हणजे सूड घेतला. जुन्या मराठीत 'दावेदार' म्हणजे चक्क शत्रू. आज वर्तमानपत्रात 'विजेतेपदाचे प्रबळ दावेदार' वाचताना कुणाला शत्रू आठवत नाही.

आणि 'दुश्मन' घ्या. फारसी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातला 'दुश्' म्हणजे आपला 'दुस्' आणि 'मन' म्हणजे आपलं मनच. संस्कृत 'दुर्मनस्' आणि फारसी 'दुश्मन' सख्खी भावंडं. ज्याचं मन वाईट तो दुश्मन.

मग खुन्नस परकी आणि अदावत घरची, हे कशावरून ठरवायचं?

शनिवार_पेठ | दुपारी १:५०

'कज्ज्या'चं माहीत होतं, 'खार'चं नव्हतं. मान्य. पण माझा मुद्दा कुळाचा नव्हताच, मुद्दा शीलाचा आहे. अदावत पेशव्यांच्या पत्रात शोभते. खुन्नस पानाच्या टपरीवर.

गिरणगावकर | रात्री ११:४०

टपरीवरचाच माणूस आहे मी, म्हणून लिहितो.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं, ८२ च्या संपाच्या आधीचं लालबाग. तीन पाळ्यांत माणसं कामाला, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी नाक्यावर कुणी ना कुणी उभं असायचंच. आमची चाळ आणि समोरची चाळ, दोघांची वेगळी मंडळं, वेगळा कबड्डी संघ, वेगळी हंडी. मधे एक रस्ता. त्या रस्त्यावर जे चालायचं ते म्हणजे खुन्नस.

लोकांना वाटतं खुन्नस म्हणजे भांडण. चूक. भांडण झालं की खुन्नस संपते. खुन्नस ही भांडणाच्या आधीची. समोरच्या गॅलरीत एक जण कठड्याला टेकून उभा. तुम्ही खालून जाताय. तो शिवी देत नाही, हात उचलत नाही. फक्त तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत नजर हलवत नाही. आता तुमच्यापुढे तीन रस्ते. खाली बघून निघून गेलात तर उद्या अख्खी चाळ म्हणणार, फाटली त्याची. उलट बघितलंत तर तीही खुन्नस, आणि आता वाढवायचं की सोडायचं हे त्याच्या हातात. किंवा हसून हात वर करून 'काय रे, जेवलास का' म्हणायचं. हे तिसरं करायला सगळ्यात जास्त जिगर लागते. आमच्या चाळीत ते एकालाच जमायचं. तो आमच्या संघाचा चढाईपटू होता. पुढे संपात त्याच्या बापाची नोकरी गेली आणि ते कुटुंब गावी निघून गेलं, राजापूरकडे.

'ठसन' वेगळी. ठसन तोंडाने देतात, अंगाने देतात, कॉलर वर करून, मोटारसायकल समोर आणून. खुन्नस फक्त डोळ्यांनी. कबड्डीत बोनस रेषेवर पाय टाकताना कोपऱ्यातल्या भिडूच्या डोळ्यात बघायचं, ती खुन्नस. पंच त्याला शिट्टी मारू शकत नाही.

तर ताई, 'वैरभावाने पाहतो' लिहिलंत त्यात पोरगा बरोबर आणि तुम्ही चूक, माफ करा. वैराला कारण लागतं. खुन्नसला लागत नाही.

बांधावरचा | सोमवार, सकाळी ६:२०

गिरणगावकर दादा, वैराला कारण लागतं हे खरं, पण ते केवढं लागतं बघा. आमच्याकडे, सांगली भागात, 'भावकी' हा एकच शब्द बास आहे. 'कोण रे तो?' 'भावकीतला.' पुढं विचारायचं काम नाही. शब्दाचा अर्थ नुसता भाऊबंद, पण उच्चारताना आवाज आपोआप खाली जातो.

माझ्या वडलांचं आणि चुलत्याचं एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. कारण, बांध. दरवर्षी नांगरट करताना एक जण वीतभर बांध कोरायचा, दुसरा पुढल्या वर्षी दीड वीत. मोजून बघितली तर सगळी मिळून दोन गुंठे जमीन भरत नाही. एकदा ५०४, ५०६ पण झालं. घरं एका भिंतीला भिंत लावून. आई सांगायची, पलीकडं कांदा चिरला तर इकडं डोळ्याला पाणी यायचं, पण विस्तव मागायला जायची सोय नव्हती.

ह्या सगळ्यात खुन्नस म्हणावं असं काहीच नव्हतं. दोघं एकमेकांकडं बघतच नव्हते मुळी. समोर आले तर एक जण ओढ्याकडनं जायचा. आमच्यात म्हणतात, 'त्यांचं वाकडं हाय.'

तिरफळ | सकाळी ९:०२

गोव्यातून. आमच्या कोंकणीत 'दुस्मानकाय' म्हणतात. 'तांची दुस्मानकाय आसा' म्हणजे पक्कं वैर. अनुस्वार यांनी सांगितलेला दुश्मन आमच्याकडे असा कोंकणी शेपूट लावून नांदतो. आणि 'दुस्वास' आमच्यातही आहे, तो जास्त घरातला, आतला. नजरेने द्यायच्या खुन्नसला मात्र वेगळा शब्द माझ्या आजीच्या बोलण्यात मला कधी सापडला नाही. 'दोळे व्हड करप' असं काहीतरी म्हणायची, पण ते मुलांना गप्प बसवण्यासाठी.

ठेचा_भाकर | सकाळी ९:३०

वऱ्हाडातून हजेरी. आमच्याकडे 'डाव धरला' म्हणतात. 'त्यानं डाव धरला न बाप्पा मायावर.' आणि डाव धरणारा माणूस कधीच खुन्नस देत नाही. उलट लय गोड बोलते. वीस वर्षांनी पोरीच्या लग्नात काड्या करते तेव्हा कळते का डाव होता.

सर्पमित्र_जुना | सकाळी १०:११

धाग्यात डूख आला आहे म्हणून एक कळकळीची विनंती. भाषेत खुशाल वापरा, पण मुलांना सांगा की साप डूख धरत नाही. माणूस लक्षात ठेवून वर्षाने घर शोधत यायची कुवत त्याच्या मेंदूत नाही. तो चावतो ते घाबरून, पाय पडला म्हणून. डूख धरायची कला फक्त माणसाला येते आणि नाव मात्र सापाचं झालं. पंचवीस वर्षं साप पकडले, या एका समजुतीपायी जोडीदार साप येईल म्हणून दुसराही साप मारून टाकलेला कितीतरी वेळा पाहिला आहे.

आज्जीचीनात | सकाळी ११:४५

विषयांतर चालू आहेच तर, 'पाण्यात पाहणे'? माझी आजी सांगायची की कंसाला कृष्णाचा इतका धसका होता की पाणी प्यायला भांडं तोंडाशी नेलं तरी त्यात त्याला कृष्ण दिसायचा. म्हणून एखाद्याला 'पाण्यात पाहणे'. आजीचं खरं की नाही ठाऊक नाही, पण त्यामुळे मला त्या शब्दप्रयोगात नेहमी कंसाची तहान दिसते. बिचाऱ्याला पाणीसुद्धा सुखाने पिता आलं नाही.

काळा_कोट | दुपारी ४:१८

वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय, पुणे जिल्ह्यात. शब्दांच्या बाबतीत पोलीस ठाण्याइतकं जुन्या वळणाचं दुसरं ठिकाण नाही. फिर्यादीची वाक्यं पिढ्यानपिढ्या तीच. 'मागील भांडणाचा राग मनात धरून.' 'पूर्ववैमनस्यातून.' 'काही एक कारण नसताना.' पण गेल्या काही वर्षांत एक नवं वाक्य त्यात पक्कं बसलंय: 'तू माझ्याकडे खुन्नसने का बघतोस, असे म्हणून'. पुढे मारहाण, कधी कोयता. तुम्हीही बातम्यांत वाचलं असेल, 'खुन्नसने पाहिल्याच्या कारणावरून'.

शनिवार_पेठ, तेव्हा शब्द टपरीवरून न्यायालयात पोचलाय. तो काढून तिथे 'आकसाने पाहिले' लिहिलं तर साक्षीदारालाच कळणार नाही की आपण काय पाहिलं.

बांधावरचा यांनी ५०४, ५०६ लिहिलंय. जुन्या दंडसंहितेतलं ५०४ म्हणजे शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान आणि ५०६ म्हणजे धमकावणं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते अनुक्रमे ३५२ आणि ३५१ झालंय. गावाकडे अजून जुनेच आकडे तोंडात आहेत आणि राहतील.

माझ्यापुढे आलेलं एक प्रकरण सांगतो, नावगाव नाही. दोन्ही मुलं एकोणीस-वीसची. सिग्नलला शेजारी शेजारी थांबलेली. 'काय बघतोस?' 'तू काय बघतोस?' एवढ्यावर एक जण अतिदक्षता विभागात गेला आणि दुसरा येरवड्याला. सुनावणीत मी माझ्या अशिलाला विचारलं, तो खरंच तुझ्याकडे बघत होता का? म्हणाला, "साहेब, नंतर कळलं, त्याला लांबचा नंबर होता. तो सिग्नलचे आकडे बघत होता."

आज्जीचीनात | दुपारी ४:३०

वाचून पोटात खड्डा पडला.

निशिगंध | संध्याकाळी ७:०५

बांधावरचा यांनी 'वाकडं' लिहिलं म्हणून. पसायदानात 'जे खळांची व्यंकटी सांडो' आहे ना, त्यातली व्यंकटी म्हणजे वाकडेपणाच. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी जो वाकडेपणा सांडू दे म्हणून मागणं मागितलं, तोच सांगलीच्या बांधावर 'वाकडं हाय' म्हणून शिल्लक आहे. आणि पुढे लगेच 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें'. मैत्र 'पडो' म्हटलंय. पाऊस पडतो तसं.

आपल्या संक्रांतीतही हेच आहे. 'आमचा तीळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका.' वर्षातून एक दिवस का होईना, वाकडं असलेल्या घरात तिळगूळ घेऊन जायची मुभा असते, कुणी कमीपणा मानत नाही.

बांधावरचा | संध्याकाळी ८:५०

ताई, तिळगूळ पण बंद होता.

चुलता वारला त्या दिवशी वडील वस्तीवर होते. निरोप आला तसं हातातलं खुरपं तिथंच टाकून चालत आले, सगळ्यांच्या पुढं जाऊन तिरडीला खांदा लावला आणि वढ्यापर्यंत बदलू दिला नाही. वय बासष्ट. रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सावडायच्या वेळी म्हणाले, 'बांध हाय तिथं राहू दे.' तो आता कुणीच कोरत नाही. त्यावर बांबू लावलाय.

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ८:२५

बांधावरचा, रावण पडल्यावर राम बिभीषणाला म्हणतो, 'मरणान्तानि वैराणि'. वैर मरणापाशी संपतं, आता याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसाच माझाही. वाल्मीकींचं ते वाक्य मी शाळेत पाठ केलं होतं. तुमचे वडील ते न वाचता जगले. नमस्कार सांगा त्यांना.

आता मूळ प्रश्नाकडे. रात्रभर एक गोष्ट डोक्यात घोळत होती. आपण नामांमागे लागलो आहोत आणि गंमत क्रियापदात आहे. बघा:

आकस बाळगतात. डूख धरतात. खार खातात. दुस्वास करतात. सूड उगवतात. दावा साधतात. उट्टं काढतात. पाण्यात पाहतात.

यातलं बहुतेक सगळं समोरच्याला पत्ता न लागता करता येतं. ठेचा_भाकर यांचा डाव धरणारा वीस वर्षं गोड बोलतो. बाळगणं, धरणं, खाणं या सगळ्या आपल्यापुरत्या क्रिया आहेत. खुन्नस मात्र देतात. देण्याला घेणारा लागतो. समोरच्याला कळलंच नाही तर खुन्नस दिलीच गेली नाही.

आणि मराठीत 'देतात' त्या रांगेत आणखी काय काय आहे? शिवी देतात. दम देतात. धमकी देतात. त्रास देतात. खुन्नस त्या रांगेत उभी आहे. तो भावनेचा शब्द राहिलेला नाही, कृतीचा झाला आहे. शब्द न उच्चारता दिलेला दम. म्हणून 'वैरभावाने पाहतो' कमी पडतं: त्यात पाहणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळतं, पण ज्याच्याकडे पाहिलं जातंय त्याच्यावर काय येऊन पडतं ते कळत नाही.

इंदूरचा_मराठी | सकाळी ९:१०

फार पटलं. एक पुरवणी: 'खुन्नस ठेवणे', 'खुन्नस काढणे' हेही म्हणतातच. 'साहेबांनी बदलीत खुन्नस काढली.' तिथे जुना अर्थ जिवंत आहे, मनातली अढी. म्हणजे एकाच शब्दात दोन खोल्या आहेत. ठेवली आणि काढली ती तुलसीदासांची. दिली ती मुंबईची. हे 'देणं' मला आमच्या इंदूरच्या जुन्या लोकांच्या तोंडी ऐकल्याचं आठवत नाही.

गिरणगावकर | सकाळी ९:४०

अनुस्वार सर, चाळीस वर्षं देतोय-घेतोय, पण हे लक्षात नव्हतं आलं. 'शब्द न उच्चारता दिलेला दम.' एकदम बरोबर. अन् म्हणूनच तक्रार करता येत नाही. घरी जाऊन काय सांगणार? 'त्याने काय केलं?' 'बघितलं.' बाप म्हणणार, बघितलं तर काय झालं, भोकं पडली का अंगाला?

शनिवार_पेठ | सकाळी १०:५५

मी हा धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. अनुस्वारांचा क्रियापदांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. शील-अश्लील हा माझा आक्षेप इथे लागू नाही. शब्दात असभ्य काही नाही, तो फक्त असभ्य वागण्याचं नाव आहे. तरीही परीक्षेत मुलाचे गुण जाऊ नयेत म्हणून त्याला दोन्ही भाषा यायला हव्यात, हे मी सोडणार नाही.

एक विचारतो शुभांगीताई. त्या मुलाने 'रोज' असं लिहिलं होतं ना?

दूरदेशी_आई | दुपारी ३:२०

शनिवार_पेठ यांनी विचारलं तेच मी विचारणार होते. मी इथे ऑस्ट्रेलियात आहे, मुलगा नऊ वर्षांचा. इथल्या शाळेत 'बुलिंग' या शब्दावर तासिका असतात. त्यात मुलांना सांगतात की मारणं, चिडवणं याबरोबरच कुणाकडे रोज तसं बघत राहणं, खेळात न घेणं हेही त्यातच येतं. मी घरी मुलाला मराठीत समजावायला गेले तर शब्द सापडेना. दादागिरी म्हटलं तर त्याला मारामारी वाटते, छळ म्हटलं तर गोष्टीतल्या सावत्र आईचा. खुन्नस मला आठवलाच नव्हता. ताई, ते वाक्य मला निबंधातलं वाक्य वाटत नाहीये. 'मोठी मुलं', 'पुलाखाली', 'रोज'. कृपया विचारा त्याला.

शुभांगी_म | बुधवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार मानायला दोन दिवस उशीर झाला, कारण त्यातच होते.

सोमवारी मी त्याला शब्दाबद्दल सांगितलं. तुलसीदासांनी वापरलाय म्हटल्यावर खूश झाला. मला वाटलं, विषय संपला. मंगळवारी शनिवार_पेठ आणि दूरदेशी_आई यांचं वाचलं आणि मधल्या सुट्टीत वही पुन्हा उघडली. निबंधाचा विषय 'माझा शाळेचा रस्ता'. मी त्या वाक्यावर इतकी अडकले होते की पुढचं वाचून फक्त शुद्धलेखन तपासलं होतं. पुढे लिहिलंय, "म्हणून मी आता मोठ्या रस्त्याने येतो. तिकडे गाड्या खूप जोरात असतात पण ते लोक नसतात. मोठ्या रस्त्याने पंधरा मिनिटं जास्त लागतात." मी त्यात 'पंधरा' दुरुस्त केलं होतं. त्याने 'पंदरा' लिहिलं होतं.

त्याला बाजूला घेऊन विचारलं. वडापावचे पैसे आधी दोनदा घेतले होते. मग नाही म्हणाला, तेव्हापासून पैसे मागत नाहीत, हात लावत नाहीत, फक्त तो एक जण बघतो. घरी सांगितलं नाही, कारण गिरणगावकर म्हणतात तेच, सांगणार काय? "बाई, त्याने काही केलंच नाही ना."

त्याची आई घरकाम करते, सकाळी सहालाच बाहेर पडते. ती काल शाळेत येऊन गेली. आज सकाळी आमचे शिपाई मामा आणि मी पुलाखाली जाऊन उभे राहिलो. चार मुलं होती, कुणी आमच्या शाळेचं नाही. मामांनी त्यांना नावं विचारली, घर विचारलं, कोणत्या शाळेत होतास विचारलं. आरडाओरडा केला नाही. दोघं शाळा सुटलेले आहेत. उद्यापासून सकाळी मामा तिथे असतील, त्या बाजूने येणारी आमची अकरा मुलं एकत्र येतील. काळा_कोट, पुढे काही झालं तर तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवीन.

वहीतलं माझं 'वैरभावाने पाहतो' मी पांढऱ्या शाईने खोडलं.

काळा_कोट | रात्री १०:०२

केव्हाही पाठवा, ताई. पैसे घेतल्याच्या तारखा मुलाच्या आईकडून आजच लिहून घ्या, आठवणी पुसट होतात. बघण्यावर कलम नाही, पण धमकावून पैसे काढण्यावर आहे. मुलं अठराखालची असतील तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथला हेतू सुधारण्याचा असतो, एवढंही त्यांच्या घरच्यांना सांगा.

ठेचा_भाकर | रात्री १०:२०

त्या शाळा सुटलेल्या दोघांचंही काही पाहता आलं तं पाहा, बाई. एखादी रात्रशाळा असन जवळपास. पुलाखाली दिवसभर उभं राहाचं म्हणजे त्यायच्याकडेबी कोणी पाहत नसन.

शुभांगी_म | रात्री १०:३१

मामा तेच म्हणत होते. ठाण्यात रात्रशाळा आहे, चौकशी करते.

शनिवार_पेठ | रात्री १०:४०

त्या निबंधाला गुण किती दिले होतेत?

शुभांगी_म | रात्री १०:४४

दहापैकी पाच. आज आठ केले.

गिरणगावकर | रात्री ११:५०

एकच विचारायचं राहिलं. पोराने खुन्नसमध्ये न एक लिहिला होता की दोन?

शुभांगी_म | गुरुवार, सकाळी ६:४०

दोन. वर्षभरात त्याचं पहिलं बरोबर आलेलं जोडाक्षर. निघते आता, सातला पुलाखाली पोचायचंय.